मुलीला आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. घरी आणि शाळेत काय करावं?

तुमची मुलगी तिसरीत आहे, पाढे पाठ आहेत, उभ्या मांडणीतली बेरीज-वजाबाकी बरोबर येते, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की "यात अधिक करू की वजा?" असं विचारते, असं तुम्ही लिहिलंय. पाच वर्षांच्या धाकट्याची सुरुवात कशी करावी, हेही विचारलंय. मी बरीच वर्षं प्राथमिकला गणित शिकवते आहे आणि पालकसभेत हा प्रश्न हमखास निघतो.

तिच्या त्या "अधिक करू की वजा?" ला उत्तर देऊ नका. ही माझी पहिली विनंती. तुम्ही "वजा" म्हणालात की ती पटकन बरोबर उत्तर काढेल, दोघींनाही बरं वाटेल आणि जे यायला हवं होतं ते तसंच राहून जाईल. आकडेमोड तिला येतेच आहे. उदाहरणात नेमकं काय घडतंय, हे तिच्या डोळ्यांसमोर येत नाही.

याचं एक मोठं कारण म्हणजे 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती. पहिलीत ती चालून जाते, म्हणून मुलं तिच्यावर विसंबतात. मग असं उदाहरण येतं: रियाकडे 8 पेन्सिली आहेत. त्या समीरकडच्या पेन्सिलींपेक्षा 3 ने जास्त आहेत. समीरकडे किती पेन्सिली आहेत? वर्गात हे फळ्यावर लिहिलं की कितीतरी मुलं 11 म्हणून मोकळी होतात. 'जास्त' शब्द दिसला, बेरीज केली.

अशा वेळी मी आकडे काढून टाकते. "रियाकडे काही पेन्सिली आहेत. समीरपेक्षा जास्त आहेत. कोणाकडे कमी?" समीरकडे, हे मुलं लगेच सांगतात. मग वहीत दोन आडव्या पट्ट्या काढायला लावते, एक रियाची, एक समीरची. लांब कोणाची काढायची, हे त्यांनीच ठरवायचं. पट्ट्या काढून झाल्या की आकडे परत द्यायचे: 8 कुठे लिहाल, 3 कुठे? रियाची अख्खी पट्टी 8 ची आणि तिचा पुढे आलेला तुकडा 3 चा, हे एकदा दिसलं की 5 सांगायला कुणाची मदत लागत नाही. सिंगापूरच्या शाळांमध्ये 1980 च्या दशकापासून अशा पट्ट्या काढून शिकवतात, बार मॉडेल म्हणून ही पद्धत ओळखली जाते. तिच्यामागचा विचार जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात मांडला होता: आधी हाताने करणं, मग चित्र, मग चिन्हं. आपण बहुतेक वेळा थेट चिन्हांपासूनच सुरुवात करतो.

घरी रोज असं एकच उदाहरण घ्या, पण पुरेसा वेळ देऊन. तिने ते स्वतःच्या शब्दांत गोष्टीसारखं सांगायचं, चित्र काढायचं आणि त्यानंतरच आकड्यांना हात लावायचा. मधूनमधून उलटंही करा. 12 − 5 लिहून द्या आणि यावर तूच एक उदाहरण रच म्हणून सांगा. क्रियेचा अर्थ तिला कळलाय की नाही, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं वीस उदाहरणं तपासूनही दिसत नाही.

उत्तर चुकलं तर खोडण्याआधी "हे कसं काढलंस, मला सांग" असं विचारा. बरोबर आलं तरीही विचारा, नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, असं मुलं धरून चालतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 52 − 27 चं उत्तर 35 लिहिलं होतं. विचारल्यावर तो अगदी ठामपणे म्हणाला, "सात मोठे ना, म्हणून सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." त्याच्या परीने त्याने नियमच पाळला होता: मोठ्यातून लहान वजा करायचं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी 1978 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, की वरवर धांदरटपणा वाटणाऱ्या मुलांच्या पुष्कळशा चुका एखादा चुकीचा नियम नेमाने पाळल्यामुळे होतात. अशा मुलाला "लक्ष देऊन कर" म्हणून काय उपयोग? तो लक्ष देऊनच करत असतो.

मी त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि यातल्या 27 मला दे म्हटलं. त्याने दोन गठ्ठे दिले, दोन्ही सुट्या काड्या दिल्या आणि थांबला. अजून पाच हव्या होत्या आणि सुटी काडी एकही उरली नव्हती. थोडा वेळ गठ्ठ्यांकडे बघत राहिला, मग स्वतःच एकाचं रबर काढलं, पाच मोजून दिल्या आणि उरलेल्या बघून म्हणाला, "पंचवीस. मग पस्तीस कसं आलं?" हातचा म्हणजे काय, हे त्यानंतर मला वेगळं शिकवावं लागलं नाही. गठ्ठा सोडण्याचं काम वहीत कसं लिहायचं, तेवढंच दाखवलं.

पाढे पाठ आहेत ही चांगलीच गोष्ट आहे, ते सोडू नका. फक्त एखादा अडला तर पहिल्यापासून म्हणत जाण्याऐवजी जवळच्या पाढ्यावरून काढायला शिकवा. आठ सत्ते आठवत नसतील तर चार सत्ते अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती वाटते. हे मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. असेच पालक जिथे क्वचित मदत करत, तिथे हा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ अंग काढून घ्या असा मी घेत नाही. तुम्ही शिकवणारी होऊ नका, विचारणारी व्हा. "मला समजावून सांग बरं" म्हणायला स्वतःचं गणित पक्कं असावं लागत नाही. आणि "आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही" हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका, गमतीतसुद्धा.

धाकट्याला वह्या गिरवायला बसवू नका. एका ओळीत 1 ते 10 आकड्यांची घरं आखा, खेळताना एक किंवा दोन पडतील असं काहीतरी घ्या आणि सोंगटी पुढे सरकवताना घरावरचा आकडा मोठ्याने म्हणायला लावा. रमाणी आणि सीग्लर यांच्या 2008 च्या अभ्यासात चार-पाच वर्षांची मुलं असा खेळ दोन आठवड्यांत मिळून तासभरच खेळली होती. तेवढ्यानेही कोणती संख्या मोठी, कोणती कुठे बसते, याची त्यांची जाण सुधारली. पुढे तो 'सत्तावीस' ऐकून 72 लिहील, तेव्हा रागावू नका. मराठीत सात आधी ऐकू येतात, वीस नंतर. काही दिवस 'दोन दशक, सात एकक' असंही म्हणत जा.

शाळेत बाईंना भेटाल तेव्हा गुणांचं विचारण्याऐवजी तिची वही उघडून दोन-तीन चुकलेली उदाहरणं दाखवा आणि "इथे ती काय विचार करत असेल?" असं विचारा. वजाबाकीची मांडणी वर्गात कशी शिकवतात तेही बघून घ्या आणि घरी तीच ठेवा. एकाच वेळी दोन रीती कानावर पडल्या की तिसरीतलं मूल दोन्ही अर्धवट धरतं. काही महिने वस्तू आणि चित्रं घेऊन नेमाने करूनही 6 मोठे की 9 हे सांगायला तिला बोटं मोजावी लागत असतील, तर मात्र वाट बघत बसू नका. डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या समजण्यातच येणाऱ्या अडचणीची, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे घेऊन जा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलीच्या बाबतीत मला तसं वाटत नाही.