एका व्हीपीएसवर दोन डोमेन, पण दोन्हीकडे पहिलीच साइट का उघडते?

दुसरा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) घेऊ नका, पैसे वाया जातील.

तुमचा प्रश्न मला असा कळला: भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे व्हीपीएसवर, उबुंटू आणि अपाचे हा वेब सर्व्हर आहे, पंचवटीतल्या यात्री निवासाची साइट नीट चालते. आता त्याच व्हीपीएसवर निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराची साइट चढवली, पण त्याचं डोमेन टाकलं तरी यात्री निवासच समोर येतं. आणि कोणीतरी सांगितलं की प्रत्येक साइटला वेगळा आयपी लागतो.

तो सल्ला एकेकाळी बरोबर होता. पान मागताना ब्राउझर डोमेनचं नाव 'होस्ट' या ओळीत पाठवतो आणि १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ ने ही ओळ सक्तीची केली. त्यामुळे साध्या साइटींचा प्रश्न तेव्हाच मिटला. अडलं होतं एसएसएलपाशी, म्हणजे एचटीटीपीएसच्या सुरक्षित कनेक्शनपाशी. सर्टिफिकेट आधी दाखवायचं आणि होस्टची ओळ नंतर यायची, मग कोणाचं सर्टिफिकेट दाखवायचं हे सर्व्हरला कळणार कसं? २००३ च्या एसएनआय या सुधारणेने ते नाव हँडशेकमध्येच, म्हणजे कनेक्शन जुळवतानाच, पाठवायची सोय केली. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय कळत नसे, म्हणून वेगळ्या आयपीची पद्धत बरीच वर्षं टिकली. आज तिचं काही काम नाही.

आता तुमच्याकडे काय होतंय ते. अपाचे आलेल्याला विन्मुख पाठवत नाही. मागितलेलं नाव कुठल्याच व्हर्च्युअल होस्टशी (एकेका साइटसाठी कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या भागाशी) जुळलं नाही, तर तो एरर न देता त्या पोर्टवरचा पहिला होस्ट देऊन मोकळा होतो. पहिला म्हणजे फाइलच्या नावाच्या अक्षरक्रमाने पहिला; उबुंटूतल्या डीफॉल्ट फाइलच्या नावापुढे तीन शून्यं असतात ती याचसाठी. म्हणजे यात्री निवासाच्या कॉन्फिगमध्ये बिघाड शोधत बसू नका. बागायतदाराचं नाव कुठे जुळत नाहीये, एवढाच शोध घ्यायचा.

त्याआधी अ‍ॅड्रेस बार बघा. पान उघडल्यावर वरचं नावच बदलून यात्री निवासाचं होतंय का? तसं असेल तर दोष व्हर्च्युअल होस्टचा नाही, कुठलं तरी रीडायरेक्ट आहे. जुन्या वर्डप्रेसची कॉपी मारून नवी साइट उभी केली आणि डेटाबेसमधला साइटचा पत्ता बदलायचा राहिला की हमखास हे होतं. नाव तेच राहून मजकूर तेवढा दुसऱ्याचा येत असेल, तर पुढे वाचा.

सर्व्हरवर सुडो लावून 'अपाचे-टू-सीटीएल' चालवा, पुढे डॅश आणि कॅपिटल एस. कॉन्फिग फाइली डोळ्यांनी चाळण्यापेक्षा ही एक कमांड बरी, कारण अपाचेने प्रत्यक्षात काय वाचलंय ते ती सांगते. ज्या पोर्टवर एकाहून जास्त होस्ट आहेत त्याखाली 'डीफॉल्ट सर्व्हर' म्हणून एक नाव दिसेल, त्याखाली एकेक होस्ट, त्याचे एलिअस, आणि ते कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहेत तेही.

बागायतदाराचं नाव तिथे अजिबात नसेल तर 'साइट्स-अव्हेलेबल' मध्ये फाइल ठेवून 'ए-टू-एन-साइट' (साइट चालू करणारी कमांड) चालवायचं राहिलंय, किंवा फाइलच्या नावाला शेवटी डॉट कॉन्फ नाही. अपाचे २.४ पासून ते शेपूट नसलेली फाइल उचललीच जात नाही. नाव आहे पण डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू वालं नाही? मग सर्व्हरएलिअसची ओळ घाला; अपाचेच्या लेखी ती दोन निरनिराळी नावं आहेत. होस्टच्या पहिल्या ओळीत पत्त्याच्या जागी एकाला तारांकन आणि दुसऱ्याला थेट आयपी लिहिलं असेल तरी गोंधळ होतो, कारण आयपीवाला होस्ट आधी जिंकतो आणि नावं फक्त त्याच गटात तपासली जातात. दोन्हीकडे तारांकनच ठेवा. जुन्या लेखांत दिसणारी 'नेम-व्हर्च्युअल-होस्ट' ही ओळ २.४ मध्ये निरुपयोगी आहे, ती काढून टाका.

पण माझा संशय ४४३ वर आहे; साधं एचटीटीपी ८० या पोर्टवर येतं, एचटीटीपीएस ४४३ वर. नाव ८० खाली दिसतं आणि ४४३ खाली फक्त यात्री निवास, असंच बहुतेक दिसेल. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणून बसवणारं साधन) तुम्ही पहिल्या डोमेनसाठी चालवला असणार, त्याने ४४३ चा होस्ट तेवढ्याचाच बनवला. आता एचटीटीपीएस लावून बागायतदाराकडे जाणारा प्रत्येक जण त्या एकाच होस्टवर जाऊन पडतो. आधी सर्टिफिकेटचा इशारा, आणि 'तरीही पुढे' दाबलं की यात्री निवास. दोन्ही नावं एकाच सर्टिफिकेटवर घेतली असतील तर इशाराही येत नाही, मग माणूस आणखी चक्रावतो. ८० चा होस्ट आधी दुरुस्त करा, मग सर्टबॉट दुसऱ्या डोमेनसाठी चालवा.

'अपाचे-टू-सीटीएल' पुढे कॉन्फिगटेस्ट मारून 'सिंटॅक्स ओके' आलं की रीस्टार्ट नको, रीलोड करा. यात्री निवासावर कोणी बुकिंग करत असेल तर त्याला धक्का लागत नाही. त्यानंतर ४०३ (परवानगी नाही) हा एरर आला तर साइटच्या फाइली होम फोल्डरमध्ये ठेवल्यात का ते बघा. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं, अपाचेलाही. फाइली 'व्हार' मधल्या 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू' खाली हलवा, होम फोल्डरची परवानगी सैल करू नका.

हे झालं की एक काम जरूर करा, लोक नेमकं तेच टाळतात: शून्यांवाल्या फाइलीत कोणाचीच नसलेली एक साइट ठेवा, जी सगळ्यांना ४०४ (पान सापडलं नाही) देईल. ४४३ साठीही तशीच, सेल्फ-साइन्ड (स्वतःच बनवलेलं) सर्टिफिकेट चालेल. म्हणजे न जुळणारं नाव आलं की गिऱ्हाइकाला भलत्याच धंद्याचं पान दिसणार नाही, आणि चूक तुम्हाला लगेच कळेल. एंजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये हेच काम डीफॉल्ट सर्व्हरमध्ये ४४४ परत करून होतं, तो सरळ कनेक्शनच तोडतो. मला ते जास्त आवडतं, पण एवढ्यासाठी अपाचे बदलू नका.

शिवाय दोन्ही होस्टना अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही) वेगळे द्या. २०२७ च्या सिंहस्थात यात्री निवासाच्या साइटवर झुंबड उडेल, तेव्हा मशीन कोण खातंय हे एकत्र लॉगमधून शोधायला बसलात तर डोकं उठेल.

एवढं करूनही अडलं तर कॅपिटल एसवालं आउटपुट आयपी झाकून प्रश्नात जोडा, बघतो.