काळ्यात हरवणारा निळा

प्रश्न : ताई, चित्रांवर खुणा करण्यासाठी मी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरची ॲप्लिकेशन्स बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) एक डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहितोय. त्यातला कलर पिकर, म्हणजे रंग निवडायचा कंट्रोल, मी स्वतःच बनवलाय : एक मोठा चौकोन आणि शेजारी रंगांची उभी पट्टी. निळा निवडून चौकोनातला ठिपका तळाशी काळ्यापर्यंत ओढला, की पट्टीवरची खूण उडी मारून लालवर जाते. ठिपका वर आणला तर सगळा चौकोन लाल! शिवाय पट्टी ओढताना चौकोन अडखळत रंगतो. सूत्रं पुन्हा पुन्हा तपासली. चुकतंय कुठे?

उत्तर : सूत्रं बरोबर असणार. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तळाला टेकताच ठिपका डाव्या कोपऱ्यातही सरकत असेल. दोन्हींचं कारण एकच आहे : तुमचा कंट्रोल फक्त आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा किती याचे, ० ते २५५ मधले तीन आकडे साठवतो, आणि ठिपका व खूण कुठे काढायची हे दर वेळी त्यांच्यावरून ठरवतो.

काळा म्हणजे ०, ०, ०. तो निळ्यावरून खाली आला की हिरव्यावरून, हे त्या तीन शून्यांत कुठेच नाही. ह्यू, म्हणजे रंगचक्रावरचा रंगाचा कोन, काढताना सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याच्या फरकाने भागावं लागतं. काळा, पांढरा आणि सगळ्या करड्यांत हा फरक शून्य असतो, म्हणून बहुतेक कोड तिथे सरळ ० परत करतो. ० अंश म्हणजे लाल. क्यूटी ही ॲप्लिकेशन बनवायची लायब्ररी अशा वेळी -१ देते, म्हणजे ‘इथे ह्यू नाही’ असं स्पष्ट सांगते. मला तेच योग्य वाटतं.

तेव्हा ह्यू, सॅच्युरेशन (रंग किती गडद-शुद्ध) आणि व्हॅल्यू (किती उजळ) हीच कंट्रोलची खरी स्थिती माना. ठिपका आणि पट्टी यांनी फक्त हीच बदलायची. आरजीबी त्यांच्यावरून काढायचा आणि बाहेर द्यायचा. बाहेरून आरजीबी आलाच, तर आधी बघा : आपल्या आताच्या स्थितीतून हाच रंग निघतो का? निघत असेल तर कशालाही हात लावू नका. बाइंडिंगमुळे, म्हणजे कंट्रोल आणि बाकीचं ॲप्लिकेशन यांच्यातल्या आपोआप जोडणीमुळे, आपलाच रंग फिरून आपल्याकडे येतो, तो इथेच थांबतो. नवा रंग करडा असेल तर जुना ह्यू राहू द्या, काळा असेल तर जुनं सॅच्युरेशनही.

हे तिन्ही आकडे दशांशात ठेवा, याबद्दल मी फार आग्रही आहे. माझ्या पहिल्या पिकरमध्ये मी पूर्णांक ठेवले होते : ह्यू ० ते ३५९, बाकी दोन्ही ० ते १००. बरोबरच्या एका डिझायनरने तिच्या कामातला ठरलेला रंग हेक्समध्ये (आरजीबीचे आकडे सोळाच्या पायात लिहून) टाकला, एंटर दाबलं, आणि शेवटचा आकडा बदलला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा बदलला. त्यानंतर ती रंग दुसरीकडे निवडून आणायची. गणित साधं होतं : त्या पूर्णांकांची त्रिकुटं होतात ३६,७२,३६० आणि आरजीबीचे रंग आहेत १,६७,७७,२१६. बाकीचे मावणार कुठे?

आता अडखळण्याबद्दल. २५६ गुणिले २५६ चौकोनात ६५,५३६ पिक्सेल होतात. पट्टी जराशी हलली की तुम्ही ते सगळे एकेक करून मोजत असाल. मोजायची गरजच नाही. ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७८ साली मांडलेल्या एचएसव्हीची (ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू) रचनाच अशी आहे, की दोन ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारे पट्टे, एकावर एक ठेवले की चौकोन तयार होतो. खाली पांढऱ्यापासून शुद्ध रंगापर्यंतचा आडवा ग्रेडियंट, त्यावर पारदर्शक काळ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंतचा उभा. हे अंदाजे जुळत नाही, तंतोतंत जुळतं. पट्टी हलली की फक्त आडव्या ग्रेडियंटचा उजवा रंग बदला, बाकीचं काम ग्राफिक्स कार्ड करेल.

माउसही बघून घ्या. पूर्ण शुद्ध रंग वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या एकाच बिंदूवर असतो, आणि तिथे नेमकं थांबणं कुणालाच जमत नाही. म्हणून बटण दाबताच कॅप्चरमाउस (माउसच्या हालचाली या कंट्रोलकडेच आणणारी आज्ञा) बोलवा, माउस चौकोनाबाहेर गेला तरी त्याची जागा घेत राहा आणि ती कडेवर अडवा. मग कोपऱ्याच्या पलीकडे झटका दिला तरी शुद्ध रंग मिळतो. बटण सोडल्यावरचा इव्हेंट वेगळा ठेवा, नाहीतर एकदा ओढण्याचे अनडूमध्ये शंभर टप्पे होतील. ठिपक्याला पांढरं आणि त्याबाहेर काळं अशी दोन कडी द्या, म्हणजे तो कुठल्याही रंगावर दिसेल. बाणांच्या कळांनीही तो हलायला हवा. ज्यांचा हात थरथरतो त्यांना माउसने नेमका रंग पकडता येत नाही, आणि हे काम अर्ध्या दिवसाचंसुद्धा नाही.

झालं की एक चाचणी लिहा : सगळे १,६७,७७,२१६ रंग एकेक करून एचएसव्हीत न्या, परत आणा आणि ताडून पाहा. परत आणताना राउंड करायला विसरू नका. नुसता दशांश छाटला तर बरेच रंग एका आकड्याने खाली घसरतील.