एकवीस महिने कशाची वाट पाहिलीत?

प्रश्न : भोसरीतल्या एका लहान प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होतो, आम्ही सातजण. २१ महिन्यांपूर्वी पॉवर प्रेसखाली (पत्रा दाबून कापणारं यंत्र) उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय ३५, पगार १६ हजार. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, 'कायमचा कामावर ठेवतो' म्हणाला आणि शंभराच्या स्टॅम्पवर 'माझी काही मागणी नाही' अशी सही घेतली. दिवाळीनंतर कामावर येऊ नको म्हणतो. आता गावी, बीड जिल्ह्यात आहे. भरपाई मिळेल का?

उत्तर : अशी पत्रं येतच असतात आणि प्रत्येकाला धास्ती त्या स्टॅम्प पेपरचीच. तो बाजूला ठेवा. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल आहे. मालकाने केलेला दवाखान्याचा खर्चही भरपाईतून वळता होत नाही.

धास्ती घ्यायची ती कलम १० ची. अपघातापासून दोन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. तुमचे तीन महिने उरलेत. मालकाने तोंडी दिलेल्या शब्दावर एकवीस महिने काढलेत, आता 'एकदा भेटून बघतो' नको. भेटीगाठी, फोन, वकिलाची नोटीस, यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही. नोटीस जरूर पाठवा, पण आठ दिवसांची. उत्तर आलं नाही तर नवव्या दिवशी अर्ज. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, हे खरं. पण त्या माफीवरच वर्षभर तारखा पडतात, मूळ दावा तसाच राहतो.

अर्जासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, राहत्या जिल्ह्यातही करता येतो. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश भरपाई आयुक्त म्हणून पाहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्यानेच मोजला जावा असं माझं मत आहे. अर्ज सध्या कुठल्या नमुन्यात घेतात, ते तिथल्या कारकुनाला विचारा.

रकमेचा अंदाज देतो. पगार १६ हजार असला तरी हिशेबाला १५ हजारच धरतात. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. पस्तिशीचा गुणक (वयानुसार कायद्याने ठरवलेला आकडा) १९७.०६, एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात. होतात ३,५४,७०८ रुपये. बोटांची फक्त पेरं गेली असतील तर कमी. महिन्याभरात पैसे न दिल्याबद्दल १२ टक्के व्याज, शिवाय मालकाकडे सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. प्रेस चालवताच येत नाही म्हणून जास्त टक्के मागता येतील. डावा हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पूर्ण अपंग धरलं होतं. पण दोन बोटांवर तेवढी मजल जाईल असं मला वाटत नाही.

सातच माणसं, म्हणजे बहुधा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नसेल. पगारातून कापत होते का, तेवढं पाहा. कापत असतील तर हा रस्ता बंद, मग दावा ईएसआयकडे.

मालक म्हणेल, सुरक्षेची सोय यानेच मुद्दाम बंद केली, म्हणून भरपाई नाही. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात काडी खुपसून ठेवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्ट्रोक लवकर पडतो, माल जास्त निघतो. शॉपमधल्या सगळ्याच प्रेसवर काडी होती का? म्हणजे ती एकट्या तुमची करणी नव्हती, शॉपची रीतच होती, असं सांगणारा एक तरी सहकारी शोधा.

आणि दवाखान्याचा केस पेपर आजच मागवा. भरती करताना मालक सोबत असला की त्यावर 'घरी दारात बोट सापडलं' असं लिहिलेलं निघतं. तुमच्या केस पेपरवर काय लिहिलंय, ते अर्ज करण्याआधी मला कळवा.