खाण बंद झाली तर आमचं काय?

प्रश्न: आमच्या बाबांचं दोन एकर वावर खाणीत गेलं, त्यावर मोठ्या भावाले नोकरी लागली, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन करून ठेकेदाराकडं आहो. आता सगळे म्हणतात सोलर येऊन राह्यलं, कोळसा बंद होते. मंग आमचं काय? उरलेलं चार एकर सोलर कंपनीले भाड्यानं द्यावं का? – एक वाचक, वणी तालुका

उत्तर: भाऊ, कोळसा उद्या काही बंद होत नाही. देशानं नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत निव्वळ कार्बन सोडणं शून्यावर आणायला, 2070 सांगितलंय आणि आपलं चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र एकटंच 2920 मेगावॅटचं आहे, त्याला रोज कोळसा लागतोच. पण देशाचा कोळसा चालू राहणं वेगळं आणि तुमची खाण चालू राहणं वेगळं, खालचा कोळसा संपला की ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण, बंद होते, त्याला सोलरची गरज नाही. तेव्हा तुमच्या भावाची दुसऱ्या खाणीत बदली होईल कारण तो परमनंट आहे, तुमचा मात्र ठेका संपेल आणि विषय संपेल. खरी भानगड इथं आहे आणि मोठमोठ्या परिषदांत नेमकं यावरच कमी बोलतात. म्हणून एचपीसी रेटनं (कोळसा खाणीतल्या ठेका कामगारांसाठी ठरलेल्या मजुरीनं) पगार मिळतो का बघा, सीएमपीएफचा (कोळसा खाण कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा) नंबर आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, कामावर होतो याचा पुरावा तोच.

जर्मनीच्या रूर भागात 1958 पासून खाणी उतरणीला लागल्या आणि शेवटची डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, म्हणजे 60 वर्षं घेतली त्यांनी, लोकांना लवकर पेन्शन दिली, दुसरं काम शिकवलं. आपल्याकडं पैसा अगदीच नाही असं नाही हो, 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाल्यांकडून त्यात पैसा जमा होतो आणि तो रोजगार, प्रशिक्षणावर खर्च करता येतो. तो रस्ते-सभामंडपातच जिरू द्यायचा की पोरांना काम शिकवायला मागायचा, हे ग्रामसभेत ठराव घेऊन मांडा. तुमच्यासारख्या इलेक्ट्रिशियनला सोलर पंप, रूफटॉपचं काम मिळू शकतं, पण एक सांगतो, सोलर पार्कात उभारणीपुरती माणसं लागतात, नंतर पॅनल धुवायला आणि राखणीला थोडेच उरतात, खाणीएवढा रोजगार तिथं नाही.

वावराचं म्हणाल तर विकू नका, भाड्यानं द्या, आणि तेही पाणी नसलेला बरड तुकडाच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये म्हणजे एकरी सुमारे 50,000 भाडं धरलंय, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. सबस्टेशन जवळ पाहिजे, नाहीतर कोणी विचारत नाही. एजंट मधे येऊन कमी रेट सांगतील, त्याच्यावर सही करू नका. करार लांबलचक वर्षांचा असतो म्हणून भाडं कोणत्या तारखेला, थकलं तर काय आणि शेवटी पॅनल अन् जमिनीत गाडलेले खांब कोण उपटून नेणार, हे मराठीत लिहून घ्या.