पोसितानोची रद्द झालेली फेरी आणि 14 जुलैची मुदत

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघे इटलीला गेलो होतो. 14 मे रोजी पोसितानोहून सालेर्नोला जाणारी बोटीची दुपारी साडेतीनची फेरी समुद्र खवळल्याचे सांगून ऐनवेळी रद्द करण्यात आली. 64 युरोंची तिकिटे वाया गेली आणि टॅक्सीला 160 युरो मोजावे लागले. पुण्यातील आमचा एजंट ‘रिफंड येईल’ असे म्हणत राहिला. आता तो तिकिटावरील ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाकडे बोट दाखवतो. तिकिटाचे पैसे, नुकसानभरपाई आणि मनस्तापाची रक्कम मिळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : उन्हाळी सुट्टीनंतर अशी पत्रे दरवर्षी येतात आणि त्यांतील बहुतेक मुदत उलटून गेल्यावर येतात. आपले पत्र 7 जुलैला मिळाले, म्हणजे आपल्या हाती अजून एक आठवडा आहे. युरोपीय संघाच्या 1177/2010 या नियमावलीच्या कलम 24 प्रमाणे, फेरी ज्या दिवशी सुटायला हवी होती त्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत प्रवाशाने वाहतूक कंपनीकडे तक्रार द्यायची असते. एजंटला सात आठवडे पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश ही तक्रार नव्हे, कारण त्यांतील एक अक्षरही कंपनीपर्यंत पोचलेले नाही. एवढे दिवस केवळ तोंडी आश्वासनावर विसंबून राहायला नको होते. आता एजंटला पुन्हा फोन न करता आजच स्वतःच्या ईमेलवरून थेट कंपनीला लिहा आणि पाठवल्याची तारीख दिसेल अशी प्रत जपून ठेवा.

आपण पाठवलेल्या तिकिटाच्या छायाचित्रात क्यूआर कोडखाली तारीख आणि 15:30 ही वेळ स्पष्ट छापलेली आहे. ती नसती, म्हणजे तिकीट खुल्या वेळेचे असते, तर आपला दावा तिथेच अडला असता. हे तिकीट आणि तिकीट खिडकीवर चिकटवलेल्या ‘कोर्सा सोस्पेसा’ (फेरी स्थगित) या हस्तलिखित सूचनेचा आपल्या मुलीने काढलेला फोटो, दोन्ही ईमेलला जोडा.

मागणी मुख्यतः 64 युरोंचीच ठेवा. फेरी रद्द झाल्यास, कारण हवामानाचे असले तरी, जादा पैसे न घेता लवकरात लवकर पर्यायी प्रवास किंवा तिकिटाची पूर्ण रक्कम यांपैकी निवड करण्याची संधी कंपनीने द्यायलाच हवी, असे कलम 18 सांगते आणि परताव्यासाठी सात दिवस देते. कलम 6 मुळे तिकिटावरील ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाने हा हक्क हिरावला जात नाही. आपण भारतीय आहात यानेही फरक पडत नाही, कारण फेरी युरोपीय संघातील बंदरातून सुटणार होती.

बाकी मागण्यांबद्दल मी फारशी आशा दाखवणार नाही. पोसितानोचा धक्का उघड्या समुद्राला लागून आहे आणि लाटा वाढल्या की तिथे बोट लावणे धोक्याचे होते; त्यामुळे हवामानाचे कारण खोटे ठरवणे कठीण जाईल आणि अशा हवामानात उशिराची नुकसानभरपाई देण्यातून कलम 20 कंपनीला सूट देते. पर्यायी प्रवासाबद्दल खिडकीवर कोणी विचारलेच नसेल, तर टॅक्सीची पावती जोडून ती रक्कमही मागा. ती मिळेलच असे मात्र सांगता येत नाही. मनस्तापाचा मुद्दा या पत्रात नको.

कंपनीने एका महिन्यात तक्रारीची दखल घेऊन दोन महिन्यांच्या आत अंतिम उत्तर द्यायचे असते. तसे झाले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर इटलीच्या वाहतूक नियमन प्राधिकरणाकडे, म्हणजे तोरिनो येथील ‘आर्ट’कडे, जाता येते.

एजंटविरुद्ध पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाण्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 69 दोन वर्षे देते. त्याच कायद्यात साध्या तक्रारी तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असे म्हटले आहे, पण आयोगांत पक्षकारांना वर्षानुवर्षे तारखा घेत बसावे लागते, आणि 64 युरोंसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. एजंटला नोटीस द्यायचीच असेल, तर ती 14 जुलैनंतर दिली तरी चालेल.