‘शी’ला सब्जेक्ट म्हणायचं की प्रोनाऊन?

प्रश्न: ‘शी सिंग्ज वेल’ या वाक्यातल्या ‘शी’ला एका पुस्तकात प्रोनाऊन म्हटलंय आणि दुसऱ्यात सब्जेक्ट. मग बरोबर कुठलं धरायचं?

उत्तर: दोन्ही. शाळेत मराठी व्याकरणात शब्दांच्या जाती हा एक धडा असायचा आणि वाक्यपृथक्करण हा वेगळा, आठवतंय ना? प्रोनाऊन म्हणजे सर्वनाम, ती झाली शब्दाची जात. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, हे त्या शब्दाचं वाक्यातलं काम, त्यामुळे वाक्य बघितल्याशिवाय ते सांगताच येत नाही.

आता ‘शी’ काढून तिथे ‘माय सिस्टर’ टाका, सब्जेक्ट जागेवर आहे पण तो आता प्रोनाऊन नाही. ‘स्विमिंग इज फन’मध्ये स्विमिंग सब्जेक्ट, आणि ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’मध्ये तर ‘व्हॉट ही सेड’ हा अख्खा तुकडाच सब्जेक्ट (त्याच्या पोटात ‘ही’ हा अजून एक सब्जेक्ट आहे, पण ते आत्ता सोडा). उलट ‘आय कॉल्ड हर’ बघा, ‘हर’ प्रोनाऊनच आहे पण काम ऑब्जेक्टचं, म्हणजे कर्माचं, करतंय.

घोळ होतो तो प्रोनाऊन रूप बदलतात म्हणून. सिस्टर कुठेही बसवली तरी सिस्टरच राहते, पण ‘आय’चं ‘मी’ होतं (हा इंग्लिशमधला ‘मी’ बरं का!), ‘ही’चं ‘हिम’, ‘दे’चं ‘देम’, म्हणून पुस्तकवाले सब्जेक्ट प्रोनाऊन, ऑब्जेक्ट प्रोनाऊन असे जोडशब्द वापरतात आणि मग दोन्ही एकच वाटायला लागतं. ‘यू’ आणि ‘इट’ मात्र दोन्हीकडे तसेच राहतात.

चांगलं इंग्लिश बोलणारेही ‘शी कॉल्ड रवी अँड आय’ म्हणून जातात, का तर ‘आय’ जरा जास्त शुद्ध वाटतं. रवीला बाजूला काढून वाक्य म्हणून बघा, ‘शी कॉल्ड आय’, लगेच कानाला खटकेल, तिथे ‘मी’च पाहिजे. ‘बिटवीन यू अँड आय’चंही तेच, बिटवीन हे प्रिपोझिशन आहे (आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं, फक्त शब्दाच्या आधी येणारं), त्याच्यापुढे ऑब्जेक्टचंच रूप येतं.

आणि ‘इट इज रेनिंग’मधलं ‘इट’? प्रोनाऊनही आणि सब्जेक्टही, पण ते कुठल्याच नामाच्या बदली आलेलं नाही. आपल्या ‘पाऊस पडतोय’मध्ये ‘पाऊस’ हाच कर्ता असतो, पण इंग्लिशमध्ये पाऊस ‘रेनिंग’ या क्रियापदातच आला, आणि सब्जेक्टची जागा रिकामी चालत नाही म्हणून तिथे ‘इट’ बसवलंय. ‘सिट डाउन’सारख्या ऑर्डरमध्ये ती चालते, तिथे ‘यू’ मनातल्या मनात धरायचं.