फ्लॅट सोडलात, कर्ज मात्र गळ्यात

पत्र: मी 38 वर्षांची आहे. एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहे, हातात 45 हजार येतात. नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते, सध्या आम्ही माहेरी राहतो. परस्परसंमतीने घटस्फोट चालू आहे. मुलीच्या खर्चासकट 40 लाख एकरकमी ठरलेत. वकील म्हणाले, एकरकमी रकमेवर कर नसतो. 10 लाख पहिल्या अर्जाच्या वेळी मिळाले, 30 कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला मिळतील. ती अडीच महिन्यांवर आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आजची किंमत 95 लाख. त्यावरचा हक्क मी सोडतेय आणि राहिलेलं 42 लाखांचं कर्ज तो फेडेल. मध्यंतरी दोन हप्ते थकले होते, पण नंतर त्याने भरले. मावसभावाने मला हमी परताव्याची पॉलिसी काढून दिलीय. सात वर्षं दरसाल 5 लाख भरायचे, पंधरा वर्षांनी 63 लाख मिळतील. दहा दिवसांपूर्वी पहिला हप्ता भरला. ऑफिसमधले एक जण म्हणतात, त्यापेक्षा सगळे पैसे म्युच्युअल फंडात टाका आणि महिन्याला 40 हजार काढत राहा. यातलं काय करू? पैशातलं मला फारसं कळत नाही. एकदाचं मोकळं व्हायचंय.

उत्तर: दिवसभर कंपनीचे हिशेब तुम्ही जुळवता आणि पैशातलं कळत नाही म्हणता? हे वाक्य तुम्हाला कुणीतरी शिकवलंय. ते इथेच सोडून द्या.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते छोटं आहे. दोन्ही नकोत. पॉलिसीत 35 लाख जाऊन 63 येतात म्हणजे जवळजवळ दुप्पट, असं मावसभावाने सांगितलं असणार. परतावा मोजला तर वर्षाला 5 टक्के पडतो. वर 40 पैकी 35 लाख अडकले, की पंधरा वर्षांसाठी हाताशी उरणार 5 लाख. हप्ता बरोबर 5 लाखच का, तेही सांगतो. एप्रिल 2023 नंतरच्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता 5 लाखांच्या वर गेला की मुदतीअंती येणाऱ्या रकमेतला नफा करपात्र होतो. विकणाऱ्याला नियम पाठ आहे, फक्त तुमची परिस्थिती त्याने विचारली नाही.

आता ऑफिसमधल्या तज्ज्ञांचं गणित. महिना 40 हजार म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. 40 लाखांवर हे 12 टक्के झाले. दर वर्षी, न चुकता, बाजार पडला तरी. सरासरी 8 टक्के धरले तर पैसे साधारण चौदा वर्षांत संपतात, आणि तोवर त्या 40 हजारांची किंमतही निम्म्याच्या आसपास आलेली असते. तुम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या असाल. मूळ रकमेला फारसा धक्का न लावता एवढ्या पैशांतून महिन्याला 13-14 हजार निघतात. ऐकायला आवडत नाही, पण तेवढेच निघतात.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत, त्याकडे येतो. फ्लॅटवरचा हक्क तुम्ही सोडताय. कर्जातून तुमचं नाव कोण काढतंय? तुमच्या पत्रात बँकेचा उल्लेखच नाही. ‘तो फेडेल’ हा तुमच्या दोघांमधला करार झाला. त्यात बँक कुठेच नाही, आणि कोर्टाचा हुकूमनामा आला तरी बँकेच्या लेखी तुम्ही सहकर्जदारच राहता. हप्ता थकला तर सगळी थकबाकी दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करायचा तिला हक्क आहे. 42 लाखांचं कर्ज, चौदा वर्षं बाकी असतील तर हप्ता साधारण 43 हजार. तुमचा पगार 45. हक्कसोडपत्रावर सही केलीत की घर शंभर टक्के त्याचं, आणि कर्ज मात्र तुमचंही.

‘मध्यंतरी दोन हप्ते थकले होते’ हे तुम्ही किती सहज लिहिलंत! ते दोन हप्ते तुमच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढलेले असणार. उद्या तुम्ही स्वतःसाठी लहानसं घर घ्यायला गेलात तर बँकेला आधी दिसेल ते 42 लाखांचं कर्ज. तिथेच तुमचा अर्ज मागे पडेल. करारात ‘काही झालं तर मी भरून देईन’ असं कलम घालून भागत नाही. ते वसूल करायला पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

यावर मार्ग दोनच. एक, त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, याच बँकेत किंवा दुसरीकडे हलवून. बँक त्याचा एकट्याचा पगार तपासेल. ती नाही म्हणाली तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर आपण किती भरवसा ठेवायचा, तेही कळेलच. दुसरा मार्ग फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटून घ्यायचं. ‘सहकर्जदार म्हणून नाव कमी केलं आहे’ असं बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत हक्कसोडपत्रावर सही नाही.

आता त्या 40 लाखांकडे बघू. 95 मधून 42 गेले, राहिले 53. निम्मा हिस्सा तुमचा धरला तर 26 लाखांच्या आसपास. म्हणजे 40 पैकी 26 लाख तुमचेच तुम्हाला परत मिळताहेत. पोटगी म्हणावी असे उरले 14 लाख, आणि त्यात मुलीचाही खर्च. मुलीवर महिन्याला 20 हजार धरा. अठरा वर्षांची होईपर्यंत नऊ वर्षांचे 21 लाख 60 हजार होतात. त्यात महागाई नाही, कॉलेज नाही. तुमच्या स्वतःच्या वाट्याला या हिशेबात काय आलं, ते तुम्हीच वजा करून बघा.

करमुक्तीचा मुद्दा खरा आहे. एकरकमी पोटगी कोर्टांनी भांडवली रक्कम मानली आहे, म्हणजे उत्पन्न नव्हे; दरमहाची पोटगी उत्पन्नात धरली जाते. पण तुमच्या पगारात महिना 20 हजार मिळवले तरी वर्षाचे 8 लाखही होत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य. जो कर लागणारच नव्हता, तो वाचवण्यासाठी दरमहाचा पर्याय सोडू नका.

म्हणून मुलीचा खर्च या रकमेतून बाहेर काढा. हिंदू विवाह कायदा लागू असेल तर कलम 26 खाली मुलांच्या पालनपोषणाचा वेगळा आदेश घेता येतो. मुलीचा हक्क आईने करारात सोडला म्हणून संपत नाही. दरमहा रक्कम, दरवर्षी ठरावीक वाढ, असं लिहून घ्या. अशा रकमेला धोका तिच्या वडिलांच्या मृत्यूचा. त्यासाठी त्यांनी मुलीच्या लाभासाठी, 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली टर्म पॉलिसी, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा, घ्यावी, आणि घटस्फोटाचा हुकूम होण्याआधी घ्यावी. त्या पॉलिसीचे पैसे ना त्यांच्या कर्जदात्यांना मिळतात, ना पुढे झालेल्या दुसऱ्या बायकोला. तुमच्या मावसभावाला विमाच विकायचा होता तर हा सुचवायचा.

हे सगळं आता बदलता येईल का? येईल. परस्परसंमतीच्या अर्जात हुकूम होईपर्यंत दोघांचीही संमती टिकलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलं आहे. संमती मागे घ्या असं मी म्हणत नाही. अटी दुरुस्त करायला अडीच महिने आहेत, एवढंच. कोर्टापुढे लिहून दिलेली गोष्ट आहे, त्यामुळे हे वकिलामार्फतच करा. दोघांच्या मालमत्तेची आणि उत्पन्नाची शपथपत्रं दाखल झालीत का, हेही त्यांना विचारा.

‘एकदाचं मोकळं व्हायचंय’ हे मला समजतं. घटस्फोटाच्या फायली घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये मी एक गोष्ट वारंवार बघतो. दोन-तीन वर्षांची झोप उडालेली, नातेवाइकांच्या चौकश्या, मुलांच्या मनाची काळजी, आणि मग एका दुपारी समोर येईल त्या कागदावर सही. समोरचा अनेकदा त्याच थकव्याची वाट बघत असतो. घर एकाचं दोन होतं आणि ज्या घरात मूल राहतं तिथला पगार सहसा लहान असतो. मुलासाठी नोकरीत खंड पडलेला असतो, तो खंड पगारातही दिसतो आणि पीएफमध्येही. तुमच्या पीएफचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाहीत. अजून अडीच महिने दम धरा, थकलेल्या असलात तरी.

आरोग्य विम्याचं काय? तुम्ही नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत असाल तर हुकूम झाल्यावर पत्नी म्हणून तिथलं संरक्षण जातं. तुमची आणि मुलीची वेगळी पॉलिसी आत्ताच काढा. पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ जेवढं लवकर सुरू होईल तेवढं बरं. पीएफ, बँक, सगळीकडे वारस (नॉमिनी) म्हणून अजून त्याचंच नाव असेल, ते बदला. आणि मृत्युपत्र करा. घटस्फोटानंतर तुम्हाला काही झालं तर पैसे मुलीला जातील, पण ती सज्ञान होईपर्यंत ते सांभाळायला नैसर्गिक पालक म्हणून तिचे वडीलच पुढे येतील. ते कुणी सांभाळायचे, हे तुम्ही लिहून ठेवा.

पैसे कुठे ठेवायचे? सध्या कुठेच नाही, साध्या मुदत ठेवीत. राहायचं कुठे हे ठरल्याशिवाय गुंतवणुकीचा आराखडा करता येत नाही. एक अपवाद: मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडा, आधी उघडलेलं नसेल तर. दहा पूर्ण झाली की ते दार बंद.

आणि पॉलिसी परत करा. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून 5 लाखांतले बाकीचे परत मिळतात. अर्ज थेट कंपनीकडे, लेखी. मावसभावाच्या हातात नाही. ‘मी बघतो, ताई’ म्हणत तो उरलेले दिवस सहज काढेल.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. आज रात्री तो काढा, थकलेले दोन हप्ते तुमच्या नावापुढे कसे दिसतात ते बघा, आणि उद्या सकाळी तोच कागद वकिलांसमोर ठेवा.